पेंटबॉलचा मार्कर विकताना किंमत कशामुळे टिकते, कशामुळे पडते?

तिसरा_बंकर
नमस्कार मंडळी. गुडघ्याच्या दुखण्यामुळे हा हंगाम मला खेळता येणार नाही. माझ्याकडे पेंटबॉलचे दोन मार्कर (रंगाच्या गोळ्या मारायच्या बंदुका) आहेत, त्यातला एक विकावा असं ठरवलंय. पहिला वरच्या श्रेणीतला इलेक्ट्रॉनिक. तीन हंगामांपूर्वी कोरा घेतला, नंतर त्यात बोर्ड (आतलं सर्किट), ट्रिगर, बोल्ट (गोळी पुढे ढकलणारा सरकता भाग) आणि ग्रिप बदलली, शिवाय वेगळं बॅरल किट (नळीचा संच) घेतलं. दुसरा एमेक, म्हणजे मेकॅनिकल, सरावासाठी सेकंडहँड घेतलेला.

दोन्हींची चौकशी केली आणि चक्रावलोच. इलेक्ट्रॉनिकवर मी जेवढं घातलं त्याच्या एक तृतीयांशही कोणी द्यायला तयार नाही. एमेकला मात्र मी दिले होते जवळजवळ तेवढेच मिळतायत! माझा इलेक्ट्रॉनिक कुठल्या कंपनीचा ते मुद्दाम लिहीत नाही, कारण माझी तक्रार कंपनीबद्दल नाही. मला समजून घ्यायचंय की मार्करची किंमत नक्की कशावर टिकते. आणि दोन्हींपैकी कुठला विकू?

ओरिंगवाला
आधी एक हिशोब सुधारूया. "मी घातलं त्याच्या एक तृतीयांश" यात बोर्ड, ट्रिगर, बोल्ट, ग्रिप सगळं धरलंय ना? घेणारा ते धरत नाही. तो बघतो की हेच मॉडेल जसं कारखान्यातून आलं तसं दुसरीकडे कितीला मिळतंय. तुझ्या आवडीचा ट्रिगर ही तुझ्या बोटाची सोय. त्याचं बोट वेगळं.

मी मार्कर दुरुस्त करतो, त्यामुळे रोज हे बघतो. बदललेल्या भागांचे पैसे मार्करसोबत परत येत नाहीत. काही वेळा उलटंच होतं. बोल्ट बदललेला दिसला की घेणाऱ्याला शंका येते, मूळ बोल्टला काय झालं होतं? मूळ भाग परत बसवायचे, बदललेले भाग सुटे विकायचे. एकूण जास्त मिळतं.

बॅरल किटचं वेगळं आहे. ते मार्करसोबत देऊन टाकू नकोस. आजचे बहुतेक मार्कर ऑटोकॉकर थ्रेडचेच (ऑटोकॉकर या जुन्या मार्करसारख्या आट्यांचे) आहेत, त्यामुळे तुझं किट त्या थ्रेडचं असेल तर बहुतेक मार्करवाल्यांना चालेल. फ्रीकसारखं इन्सर्टवालं (नळीच्या आत बसणाऱ्या वेगवेगळ्या मापांच्या नळ्यांचं) किट असेल आणि ०.६७९ पासून ०.६९५ इंचापर्यंतचे सगळे इन्सर्ट जागेवर असतील तर त्याला गिऱ्हाईक लगेच मिळतं. एक इन्सर्ट हरवला की मात्र घासाघीस सुरू.

निळी_धूळ
मूळ भाग आहेत का जवळ?

तिसरा_बंकर
बोर्ड, ट्रिगर आणि ग्रिप डब्यात आहे. बोल्ट सापडत नाही. बॅरल किट फ्रीकच आहे, इन्सर्ट सगळे आहेत, आत्ताच मोजले.

जुना_पंप
ओरिंगवाला म्हणतो ते बरोबर, पण किंमत का पडते याचं मूळ त्याच्याही आधी आहे. मी ऑटोकॉकरच्या काळापासून खेळतोय, म्हणून थोडं मागे जातो.

१९९६ च्या सुमाराला शॉकर आला आणि इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं युग सुरू झालं. मग एंजल, इंटिमिडेटर, मॅट्रिक्स. त्या वर्षांत दर हंगामाला खरोखरच काहीतरी नवं यायचं. डोळे आले, म्हणजे बॉल पूर्ण आत बसला की नाही हे पाहणारे सेन्सर, आणि बॉल फुटणं कमी झालं. मार्कर हलके झाले. एका टाकीच्या हवेत जास्त गोळ्या मारता येऊ लागल्या. त्यामुळे मागच्या वर्षीचा मार्कर खरंच मागे पडायचा आणि त्याची किंमत धाडकन खाली यायची. त्यात कोणाचाही दोष नव्हता.

मग २००५ मध्ये आयन आला. इलेक्ट्रॉनिक मार्कर आणि तोही मेकॅनिकलच्या आसपासच्या किमतीत. त्याने सेकंडहँड बाजार मुळापासून हलवला. काल मधल्या श्रेणीतला जुना इलेक्ट्रॉनिक घ्यायला निघालेला मुलगा आज कोरा आयन घेऊ लागला. मधल्या श्रेणीतल्या जुन्या मार्करना विचारणारंच कोणी उरलं नाही.

आता तसं नाही. स्पर्धांमध्ये सेकंदाला गोळ्यांची मर्यादा पंधरावरून उतरत दहाच्या आसपास आली. दहा गोळ्या तर मधल्या श्रेणीतला मार्करही मारतो. जास्त वेगाचे बोर्ड एकेकाळी सोन्यासारखे विकले जायचे, आता त्यांना कोण विचारतो? (तुझ्या बोर्डाला भाव का येत नाही त्याचं हे एक कारण.) म्हणून माझं मत असं की आजचा चांगला मार्कर पूर्वीपेक्षा किंमत जास्त टिकवतो. सीएस वन आणि त्याच मालिकेतल्या नंतरच्या सीएस थ्रीमध्ये मैदानावर फरक आहे, पण जुना एंजल आणि पहिला ईगो या मार्करमध्ये होता तेवढा नाही.

हवाबंद
जुना_पंप दादा, आदर ठेवून असहमत. मैदानावरचा फरक कमी झाला हे मान्य. पण किंमत मैदानावर ठरत नाही, घोषणेच्या दिवशी ठरते. नवं मॉडेल जाहीर झालं की एकाच आठवड्यात पन्नास जण आपला जुना विकायला काढतात, कारण त्यांना नव्यासाठी पैसे उभे करायचे असतात. मार्कर काल होता तसाच आज आहे. विकणारे वाढले, घेणारे तेवढेच राहिले. वरच्या श्रेणीत हे जास्त होतं, कारण वरच्या श्रेणीतले लोकच सारखे बदलतात.

हंगामाचंही तसंच. हंगाम संपला की सगळे विकतात, सुरू व्हायच्या आधी सगळे घेतात. दोनदा हंगाम संपताना विकून मी हात पोळून घेतलेत. तिसऱ्यांदा मार्कर चार महिने ग्रीस लावून ठेवला, सराव सुरू व्हायच्या आधी जाहिरात टाकली, तिसऱ्या दिवशी गेला.

जुना_पंप
घोषणेचा मुद्दा मान्य, हवाबंद. पण ती पडझड थोडी सावरते असं मी पाहिलंय. पन्नास जणांचे मार्कर विकले गेले की बाजार शांत होतो. त्या आठवड्यात विकणाऱ्याचंच नुकसान होतं, थांबणाऱ्याचं तेवढं नाही.

हवाबंद
सावरते, पण पूर्ण वर येत नाही. यावर आपलं एकमत होणार नाही बहुतेक :)

मधली_फळी
मला वाटतं तुम्ही दोघंही सगळ्यात मोठी गोष्ट सोडताय. सुटे भाग.

माझा पहिला इलेक्ट्रॉनिक मार्कर फार सुंदर होता. वजन, आवाज, सगळंच. त्याची कंपनी बंद पडली. पहिलं वर्षभर काहीच कळलं नाही, कारण दुकानांत माल होता. मग सॉलेनॉइड (विजेवर चालणारी हवेची झडप) गेला. तो सॉलेनॉइड फक्त त्याच मॉडेलमध्ये बसायचा. शोधून शोधून एका खेळाडूकडून मोडक्या मार्करमधला काढून घेतला. सहा महिन्यांनी डोळ्यांची वायर तुटली. मार्कर मरत नव्हता, पण त्याला जगवायला दुसरे मार्कर मारावे लागत होते. शेवटी विकायला काढला तेव्हा घेणाऱ्याचा पहिला प्रश्न होता, "भाग मिळतात का?" मी खरं सांगितलं. तो गेला. नंतर एकाने घेतला तो भाग काढण्यासाठीच.

म्हणून तिसरा_बंकर, तुझ्या एमेकचं रहस्य माझ्या मते इथे आहे. एमेक, एथा टू आणि जीटेक या तीन मार्करच्या पोटात एकच गॅमा कोर, म्हणजे गोळी मारणारी तीच यंत्रणा आहे. बोल्ट तोच, आतल्या बहुतेक ओ-रिंग त्याच. हजारो मार्कर मैदानांवर भाड्याने फिरतायत, म्हणजे भाग बनत राहणार. शिवाय एमेकमध्ये बॅटरी नाही, बोर्ड नाही, सॉलेनॉइड नाही. जुनं होण्यासारखं आहे काय त्यात? घेणाऱ्याला भीती वाटत नाही आणि भीती नसली की तो घासाघीसही कमी करतो.

टिपमन ९८ कस्टमचंही असंच. देखणा नाही, हलका नाही, पण कुठल्याही मैदानावर तो उघडून जोडणारा माणूस भेटतो.

ओरिंगवाला
मधली_फळी ताईंना +१०००. गिऱ्हाईक "हा घेऊ का" विचारायला आलं की मी मॉडेल बघतच नाही, आधी सीलचा संच मिळतो का ते बघतो.

पाचवा_रंग
रंगाबद्दल कोणीच बोललं नाही! माझा मार्कर हिरव्या-जांभळ्या फेडमध्ये (एकातून दुसऱ्यात मिसळत जाणाऱ्या रंगांत) आहे, मर्यादित संख्येतला. मला वाटलं होतं दुर्मिळ म्हणजे महाग. तीन महिने झाले, कौतुक सगळे करतात, घेत कोणी नाही.

निळी_धूळ
डस्ट ब्लॅक (चकाकी नसलेला काळा) दोन दिवसांत जातो. कारण साधं आहे, तो कोणालाच नावडत नाही. मर्यादित रंगाला एकच माणूस हवा असतो, पण तो माणूस भेटेपर्यंत थांबावं लागतं. घाई असेल तर दुर्मिळपणाचा काही उपयोग नाही. थांबा, आणि जाहिरातीत मर्यादित आवृत्तीचं नाव नीट लिहा, संग्राहक त्या नावाने शोधतात.

पाचवा_रंग
काळा अनोडाइझ करून घेतला तर?

ओरिंगवाला
नका हो, नका! अनोडाइझिंग म्हणजे रंगाचा लेप नव्हे. अ‍ॅल्युमिनियमच्या पृष्ठभागाचाच ऑक्साइडचा थर बनतो आणि त्यात रंग मुरतो. जुना रंग काढायचा तर तो थर रसायनाने खरवडावा लागतो, त्यासोबत थोडा धातूही जातो. बाहेरच्या बाजूला फरक पडत नाही. बोल्ट जिथे सरकतो त्या भोकात पडतो. आतली बाजू नीट न झाकता काम झालं तर ओ-रिंग सैल बसते, मग हवा गळते. माझ्याकडे असे दोन बॉडी पडून आहेत, बाहेरून आरशासारखे, आतून निकामी. जाणता घेणारा रंग बदललेला दिसला की किंमत कमीच करतो. नाव कोरलेलं असेल तर आणखी कमी.

कोपऱ्यातला
मला हा सगळा धागाच थोडा चुकीच्या दिशेने चाललाय असं वाटतं. मार्कर ही गुंतवणूक नाही. पेंट आणि हवेवर आपण एका हंगामात किती उडवतो? तो पैसा परत येतो का? मार्करचा हिशोबही तसाच धरावा. घेतला, खेळलो, आनंद मिळाला. विकताना जे मिळालं ते वर. किमतीच्या भीतीने मार्कर मऊ कापडात गुंडाळून ठेवणारे मी बघितलेत. ओरखडा पडेल म्हणून पालथं पडून सरपटायला तयार नाहीत! मग खेळायचं तरी कशाला?

मधली_फळी
कोपऱ्यातला, भावना पटली. पण सगळ्यांना हे परवडत नाही. मी प्रत्येक नवा मार्कर जुना विकून घेतलाय. जुन्याची किंमत टिकली नसती तर मी दुसऱ्या हंगामातच खेळ सोडला असता. आमच्या संघातल्या निम्म्या मुली सेकंडहँड मार्करवर खेळायला शिकल्या. किंमत टिकवणं म्हणजे पुढच्या खेळाडूला चांगला मार्कर देणं, मी तरी त्याकडे असंच बघते.

कोपऱ्यातला
हे मी असं बघितलं नव्हतं. खरं आहे.

जुना_पंप
ओरखड्यावरून आठवलं. प्रामाणिक ओरखड्याने किंमत फार जात नाही. बंकरला घासून पडलेले ओरखडे सगळ्यांच्याच मार्करला असतात. किंमत जाते ती पिळवटलेल्या स्क्रूने. हेक्सचं डोकं गोल झालेलं दिसलं की कळतं, या माणसाने चुकीच्या मापाची किल्ली वापरलीय, म्हणजे आत काय केलं असेल देव जाणे.

सावली_पाचू
विषय थोडा भरकटवतो. सगळ्यात जुन्या मार्करची किंमत तर वाढते ना? ऑटोमॅग, ऑटोकॉकर वगैरे?

जुना_पंप
भरकटव की, हा माझा आवडता विषय!

पहिला खेळ झाला १९८१ मध्ये, अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकरच्या जंगलात. बारा जण होते आणि त्यांच्या हातात होता नेलस्पॉट ००७. तोडायच्या झाडांवर खूण करण्यासाठी आणि गुरं ओळखण्यासाठी बनलेलं हत्यार. आपण आजही "मार्कर" म्हणतो ते उगाच नाही. असा नेलस्पॉट कोणी खेळायला घेत नाही, जपून ठेवायला घेतो, त्यामुळे त्याला आपले नियम लागू नाहीत.

ऑटोकॉकर आणि ऑटोमॅग हे नेलस्पॉट आणि आजचे मार्कर यांच्या मधले आहेत. ऑटोकॉकर बड ऑरचा, ऑटोमॅग टॉम केचा. दोन्ही बराच काळ स्वस्तात पडून होते, कारण इलेक्ट्रॉनिकसमोर कोणी विचारत नव्हतं. अलीकडे मेकॅनिकल टेन-मॅनचे (दहा-दहा जणांच्या संघांचे) सामने पुन्हा रंगू लागले आणि लोकांनी माळ्यावरचे डबे खाली काढले. पण सगळ्याच जुन्यांची किंमत वाढत नाही हे लक्षात ठेव. ऑटोकॉकरमध्ये तीन-मार्गी व्हॉल्व, रॅम, पुढचा रेग्युलेटर (हवेचा दाब ठरवणारा भाग) हे सगळं एकमेकांशी जुळवावं लागतं. नीट जुळलेला आणि त्या काळातले मूळ भाग असलेला असेल तर लोक मागे लागतात. अर्धे भाग बदललेला, टायमिंग बिघडलेला असेल तर तो तसाच पडून राहतो. ऑटोमॅगला लेव्हल टेन बोल्ट (गोळी चिरडू नये म्हणून बनवलेला) असेल तर ते जाहिरातीत पहिल्या ओळीत लिहावं.

आणि पंप! फँटमसारखा पंप मार्कर (प्रत्येक गोळीला हाताने खेचायचा) मला आजवर कधीच पडेल किमतीत मिळालेला नाही. आत बिघडण्यासारखं इतकं कमी आहे की वीस वर्षांचा मार्करही कालच्यासारखा चालतो.

सावली_पाचू
हे वाचून मामाचा ऑटोमॅग बघायला माळ्यावर चढतोय.

हवाबंद
सगळे मार्करबद्दल बोलतायत, हवेच्या टाकीचं कोणी बोललं नाही. मार्करसोबत टाकी द्यायची असेल तर आधी तिच्यावरची तारीख वाचा. डीओटीचा (अमेरिकेच्या वाहतूक खात्याचा) शिक्का असलेल्या नेहमीच्या मापाच्या टाकीची दर पाच वर्षांनी दाबाची चाचणी करावी लागते आणि कार्बन फायबरच्या टाकीचं एकूण आयुष्य पंधरा वर्षांचं धरलेलं असतं. म्हणजे फायबरच्या टाकीची किंमत घड्याळाप्रमाणे उतरते, तुम्ही ती वापरा की न वापरा. चौदा वर्षांची चकचकीत टाकी ही जवळजवळ संपलेली टाकी आहे. फायबरला खोल चर पडलेला असेल तर तारीख कितीही चांगली असो, मी घेत नाही. आणि पाठवताना टाकी पूर्ण रिकामी करा, भरलेली टाकी पार्सलमध्ये घालू नका.

नवा_भिडू
मी घेणाऱ्यांच्या बाजूचा आहे, पहिलाच मार्कर. समोर मार्कर असेल तर नक्की काय बघू? सगळे "उत्तम स्थितीत" लिहितात.

ओरिंगवाला
नवा_भिडू, नीट वाच. विकणाऱ्यांनीही वाचा, कारण घेणारा हेच बघणार.

हवा जोडल्यावर आधी काहीच करू नकोस, फक्त ऐक. बॅरलमधून फुसफुस येत असेल तर बोल्टची किंवा आतली ओ-रिंग गेलेली असते. ग्रिपच्या बाजूने येत असेल तर सॉलेनॉइड किंवा रेग्युलेटरकडे बघ. ओ-रिंग स्वस्त आहे, सॉलेनॉइड नाही, म्हणून आवाज कुठून येतो हे महत्त्वाचं.

मग क्रोनोवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) घे. दहा गोळ्या मार, आकडे लिही. नीट ठेवलेल्या मार्करचे आकडे एकमेकांच्या जवळ राहतात. वेग हळूहळू चढत गेला तर रेग्युलेटरची सील थकलीय. आता मार्कर दहा मिनिटं तसाच ठेव आणि पुन्हा एक गोळी मार. ही पहिली गोळी खूप मंद निघाली तर त्याला ड्रॉप-ऑफ म्हणतात. स्पूल व्हॉल्वच्या (बोल्टच झडपेचं काम करतो अशा) मार्करमध्ये बोल्टच्या ओ-रिंग बसून बसून चिकटतात, पहिल्या गोळीला तो चिकटपणा सोडवण्यातच वेळ जातो. बऱ्याचदा साफसफाई आणि ताजं ग्रीस पुरतं. पण जो विकणारा म्हणतो "हे सगळ्यांनाच होतं", त्याने मार्कर कधी उघडलेला नसतो.

बॅटरीचा कप्पा उघड. हिरवट-पांढरी पूड दिसली तर बॅटरी आत ठेवून मार्कर विसरलेला होता. शेवटी विचार, हवेऐवजी सीओटूवर (कार्बन डायऑक्साइडवर) चालवलाय का? टिपमनसारख्याला चालतं. इलेक्ट्रॉनिकमध्ये द्रव सीओटू सॉलेनॉइडपर्यंत पोचला की सीलची वाट लागते.

नवा_भिडू
मनापासून आभार. हे कागदावर उतरवून घेतलं.

दुपारची_फेरी
माझा प्रश्न वेगळाच आहे. माझ्या आठ वर्षांच्या मुलीने माझ्या मार्करचं नाव "ढमढम" ठेवलंय. विकायचा म्हटलं तर ती विचारते, नवीन काका त्याला ढमढम म्हणतील का?

मधली_फळी
जाहिरातीत अट घाला: नावासकट देणे आहे.

निळी_धूळ
मूळ डबा, किल्ल्या, सुटे भाग आणि नाव. पूर्ण संच!

तिसरा_बंकर
धागाकर्ता हजर. सगळं दोनदा वाचलं. काल रात्री दोन्ही मार्कर टेबलावर घेऊन बसलो.

इलेक्ट्रॉनिकचे बोर्ड, ट्रिगर आणि ग्रिप मूळच्या परत बसवल्या. दोन वर्षांत रेग्युलेटर मी एकदाही उघडला नव्हता, आतलं ग्रीस काळं झालं होतं. क्रोनोवर वेग चढत होता, म्हणजे ओरिंगवाला म्हणतो तसं सील थकलं होतं. सीलचा पूर्ण संच मागवला. मला कमी किंमत सांगणाऱ्यांपैकी एकाने मार्कर हातात घेऊन बघितला होता. त्याला हे दिसलं असणार, मला दिसलं नव्हतं.

ठरलं असं की एमेक राहील. तो पुढच्या वर्षीही असाच राहणार आहे, घाई कशाला? इलेक्ट्रॉनिक नव्या मॉडेलच्या घोषणेआधी विकतो, बॅरल किट आणि बदललेला बोर्ड वेगळे. अडचण एकच, मूळ बोल्ट.

जुना_पंप
संघातल्या लोकांना विचारलंस का? बदललेले बोल्ट बहुतेक वेळा कोणाच्या तरी पिशवीत सापडतात.

तिसरा_बंकर
दादा, अगदी तसंच झालं! मागच्या हंगामात सामन्याच्या दिवशी आमच्या फ्रंटच्या पोराचा बोल्ट तुटला होता, तेव्हा मीच त्याला माझा दिला होता. साफ विसरलो होतो. त्याने आज आणून दिला, वर नव्या ओ-रिंग लावून. आता सील आले की बसवतो आणि रविवारी क्रोनोवर व्हिडिओ काढून जाहिरातीत टाकतो.

नवा_भिडू
जाहिरात टाकलीत की इथे सांगाल का? मला बघायचाय.

ओरिंगवाला
व्हिडिओत मार्कर दहा मिनिटं ठेवल्यानंतरची पहिली गोळी कापू नकोस. घेणारा तीच बघतो.